क्रिएटिनिन वाढलंय, आता पुढं काय? तालुक्याच्या गावातून किडनीच्या आजाराला सामोरं जाताना

किडनीचा आजार गावाकडच्या घरात बहुतेक वेळा एका कागदावरून शिरतो. पायावर सूज आहे, जेवण जात नाही, जिना चढताना दम लागतो, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलेलं असतं. रक्त तपासलं जातं आणि ‘क्रिएटिनिन सहा आहे, मोठ्या दवाखान्यात न्या’ एवढं एक वाक्य हाती येतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायची रक्तातली घाण; किडनी मंदावली की ते रक्तात वाढतं. मग गाडी ठरते, उसनवारी होते आणि पहिलं डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं, मानेत नळी घालून, घाईगर्दीत, कुणाला काही कळायच्या आत होऊन जातं.

महाराष्ट्रात मशीन पूर्वीपेक्षा नक्कीच वाढली. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. आज जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत डायलिसिस होतं. तरी माणूस तिथं पोचतो तो फार उशिरा, कागद अर्धवट घेऊन आणि हाताच्या शिरा सलाइनने खराब झाल्यावर. किडनीचे तज्ज्ञ, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, मोठ्या शहरांत एकवटलेत. जिल्ह्यात ते आठवड्यातून एखाद-दोनदा येतात किंवा येतच नाहीत. त्यामुळे कोणतं काम कधी करायचं याचा हिशेब घरातल्याच कुणाला तरी ठेवावा लागतो. हा लेख त्या माणसासाठी आहे.

पहिलं काम: आजार अचानक आलाय की जुना आहे?

क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी कायमची गेली, असं लगेच धरू नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, घोणस चावली, भाताच्या खाचरात किंवा गोठ्यात काम करताना लेप्टोचा जंतुसंसर्ग झाला, वेदनाशामक गोळ्यांचा भडिमार झाला, प्रोस्टेट किंवा खड्यामुळे लघवी अडली, यातल्या कशानेही किडनी काही दिवसांत बंद पडू शकते. अशा रुग्णाला थोडे दिवस डायलिसिस लागतं आणि पुष्कळांची किडनी पुन्हा चालू होते. इथे तास मोजायचे असतात, आठवडे नाही. विशेषतः घोणस चावलेल्या माणसाची लघवी कमी झाली किंवा लालसर झाली, तर मांत्रिकाकडे किंवा झाडपाल्यावर एक रात्रही घालवू नका.

‘डायलिसिस एकदा केलं की त्याची सवय लागते’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की बऱ्या होऊ शकणाऱ्या किडनीचा रुग्णही घरी परत नेला जातो. सवय डायलिसिसची लागत नाही. ज्याची किडनी संपलेली असते त्याला ते लागत राहतं, आणि ज्याची सुधारते त्याचं ते सुटतं.

जुना आजार ओळखायला सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे जुने रिपोर्ट. मोतिबिंदूच्या ऑपरेशनआधी, बाळंतपणात, विम्यासाठी कधीतरी रक्त तपासलेलं असतं. तो कागद शोधा. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन २.१ असेल आणि आज ६ असेल, तर गोष्ट वेगळी. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या, तर आजार जुना असण्याची शक्यता जास्त. मधुमेहात मात्र किडनीचा आकार बराच काळ ठीक दिसू शकतो, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ या एका ओळीवर विसंबू नका. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला, तर तो दीर्घकालीन आजार समजतात.

रिपोर्ट वाचायला शिका

नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवतो. वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून त्यावरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज. एकच आकडा दोघांना लावून बघा. क्रिएटिनिन १.८ असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ५१ येतो. तेच १.८ साठ वर्षांच्या बाईच्या रिपोर्टवर असेल, तर तो साधारण ३२ भरतो. ‘थोडंसंच वाढलंय, १.८ आहे’ म्हणून ज्या मावशींना परत पाठवलं जातं, त्यांची निम्म्याहून जास्त किडनी गेलेली असते. कित्येक लॅब हा आकडा छापत नाहीत. डॉक्टरांना काढून द्यायला सांगा, मोबाइलवरही निघतो.

मग पायऱ्या अशा. ६० च्या वर असेल आणि लघवीत प्रोटीन जात नसेल, तर बहुधा काळजीचं कारण नाही. ३० ते ६० च्या मध्ये असाल, तर औषध-पथ्याने आजार रोखायची सगळ्यात चांगली संधी हीच. १५ ते ३० म्हणजे पुढच्या तयारीचा काळ. १५ च्या खाली शेवटचा टप्पा. तिथेही डायलिसिस लगेच लागतंच असं नाही, त्रास काय होतोय यावर ते ठरतं.

दुसरी तपासणी लघवीची. साध्या तपासणीत प्रोटीन ‘प्लस’ दिसतं, पण आजार आधी पकडायचा तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्यावं. ते ३० च्या वर गेलं की किडनीला इजा होतेय, ३०० च्या वर म्हणजे बरीच. मधुमेह किंवा बीपी असणाऱ्याने हे वर्षातून एकदा करायलाच हवं. ‘लघवी तर साफ होते, मग किडनी कशी खराब?’ असं घरोघरी विचारतात. लघवी भरपूर होत असतानाही किडनी खराब असू शकते. पाणी बाहेर पडत राहतं, घाण आत साठत राहते. लघवीला साबणासारखा फेस येणं, रात्री तीन-चारदा उठावं लागणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, यांच्याकडे लक्ष ठेवा.

आणि एक खूण, जिच्यावर घरचे खूश होतात. वर्षानुवर्षं न आवरणारी शुगर अचानक कमी यायला लागते, इन्सुलिन कमी करावं लागतं. मधुमेह बरा झाला असं वाटतं. खरं तर किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून साखर उतरते. असं झालं तर पेढे वाटायच्या आधी क्रिएटिनिन तपासा.

आधी काय बंद करायचं

औषध सुरू करण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि याला पैसे लागत नाहीत.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या वेदनाशामक गोळ्या आणि कमरेत घेतलेली ‘अंगदुखीची सुई’ बंद. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. मेडिकलवाला नावं न सांगता दोन-तीन गोळ्या सुट्या कापून पुडीत देतो. त्यात यातलीच एक असते. पाकीट मागा, नाव वाचा.

यात सगळ्यात जास्त भरडतात ते ऊसतोड कामगार. पहाटेपासून उन्हात तोड, पाणी कमी, लघवीला जायची सोय नाही म्हणून बायका तर पाणी पिणंच टाळतात, आणि संध्याकाळी अंग मोडून येतं म्हणून गोळी. मध्य अमेरिकेत एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वाच्या उसाच्या फडांत मधुमेह-बीपी नसलेल्या तरुण मजुरांच्या किडन्या मोठ्या संख्येने गेल्या. कष्टाचं काम, उष्णता आणि अंगातलं पाणी कमी होणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. आंध्रातला उद्दानम भाग, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत इथेही असा कारण न सापडलेला आजार आहे. गोव्यात काणकोणातूनही तशा तक्रारी आल्या. आपल्याकडे अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेली, गावं किती वर्षं पाण्याकडे बोट दाखवताहेत. नेमकं कारण काहीही ठरो, फडावर असाल तर दर तासाला पाणी, दुपारी सावलीत थांबणं आणि गोळ्यांपासून लांब राहणं एवढं आजपासून करता येतं. हंगाम संपून गावी परतल्यावर एकदा क्रिएटिनिन तपासून घ्या.

भस्मं आणि ‘किडनी साफ करणारी’ बिनलेबलची चूर्णंही बंद. काहींत पारा, शिसं सापडलेलं आहे. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पुडीत काय आहे हे लिहून न देणाऱ्याच्या विरोधात आहे. मधुमेह किंवा दम्यावर उपाय म्हणून माशाचं कच्चं पित्त गिळायचा प्रकार काही भागांत चालतो. त्याने धडधाकट माणसाची किडनी चार दिवसांत बंद पडू शकते.

कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्याही, गेलात तर पहिलं वाक्य ‘माझं क्रिएटिनिन वाढलेलं आहे’ हे असू द्या. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीआधी तर नक्कीच.

आजार रोखणारी औषधं महाग नाहीत

बीपी १३०/८० च्या आसपास आणायचं. त्यासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारख्या गोळीला पहिली पसंती असते, कारण बीपीबरोबर ती लघवीतून जाणारं प्रोटीनही कमी करते. दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. ती मधुमेहाची म्हणून आली, पण आता मधुमेह नसलेल्या किडनी-रुग्णांनाही देतात. २०२० च्या शेवटी भारतात तिचं पेटंट संपलं आणि किंमत पार खाली आली. जनऔषधी केंद्रात विचारा.

ही औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. घरचे घाबरतात, कुणीतरी सांगतं ‘या गोळीनेच वाढलं’ आणि गोळी बंद होते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित असते. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना दाखवायचं, स्वतः बंद करायचं नाही. मात्र जुलाब-उलट्या लागल्या, जेवण-पाणी बंद झालं, तर या गोळ्या तेवढे दिवस थांबवायच्या का, हे फोन करून विचारा. मेटफॉर्मिन घेत असाल तर ईजीएफआर ३० च्या खाली ती थांबवतात.

घरात बीपीचं मशीन हवं. एका घराला जड जात असेल तर वस्तीत दोन-तीन घरांत मिळून एक घ्या आणि आकडे वहीत तारखेसह लिहा. डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग तुमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त होतो.

खाणं: शेजाऱ्याचा तक्ता वापरू नका

किडनीचं पथ्य टप्प्याप्रमाणे बदलतं, आणि गोंधळ इथेच होतो.

मीठ मात्र सगळ्यांनीच कमी करायचं. दिवसाला सपाट चमचाभर, पाच ग्रॅम, तेही भाजी, आमटी, भाकरीचं पीठ सगळं धरून. पापड, लोणचं, ठेच्यातलं मीठ, फरसाण, खारवलेली सुकी मासळी यांतूनच जास्त जातं. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर नारळपाणी बंद. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहाळंच नेतो, म्हणून हे पाहुण्यांनाही सांगून ठेवावं लागतं. केळी, मोसंबी, टोमॅटो, सुकामेवा जपून. बटाटा आणि पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी फेकायचं, मग फोडणी द्यायची. आंबट कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, आजार पुढे गेलेल्या रुग्णाने चाखूही नये. त्याने उचक्या, भ्रम, झटके येऊ शकतात.

पाण्याचं तर विचारू नका. ‘किडनी आहे ना, मग भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मुतखड्याच्या माणसाचा. अंगावर सूज असलेल्या, लघवी कमी झालेल्या रुग्णाने तो पाळला तर पाणी फुप्फुसात साठतं. किती प्यायचं ते लघवी किती होते त्यावर डॉक्टर ठरवतात. एक बाटली भरून ठेवा. चहा, ताक, आमटीचं पाणीही त्याच हिशेबात.

प्रोटीनचं उलटंसुलटं होतं. डायलिसिसच्या आधी डाळ, अंडी, मटण बेताने खायचं. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र शरीरातून प्रोटीन निघून जातं, तेव्हा ते वाढवायचं. पण घरात आधीचंच पथ्य चालू राहतं, माणूस नुसत्या भात-भाकरीवर राहतो आणि सहा महिन्यांत निम्मा होतो. डायलिसिसवरच्या माणसाला अंड्याचं पांढरं, मासे, पनीर हवं. डाळ पोटॅशियम बघून.

हात वाचवा: डायलिसिसच्या आधीची तयारी

ईजीएफआर ३० च्या खाली गेला की कितीही लांब असला तरी नेफ्रॉलॉजिस्टना एकदा दाखवाच. २० च्या आसपास आला आणि घसरतोय असं दिसलं की फिस्टुलाबद्दल विचारा.

फिस्टुला म्हणजे मनगटात किंवा कोपरात धमनी आणि शीर जोडून देणारं छोटं ऑपरेशन. जोडलेली शीर हळूहळू जाड होते आणि पुढे डायलिसिसच्या सुया तिथे टोचतात. ती तयार व्हायला कमीत कमी सहा आठवडे, बऱ्याचदा दोन-तीन महिने लागतात. हा वेळ हातात असणाऱ्याचं आणि नसणाऱ्याचं आयुष्य वेगळं होतं. नसणाऱ्याला मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालतात. कॅथेटर म्हणजे रक्तात थेट उघडं दार. थंडी वाजून ताप, रक्तात जंतू, पुन्हा भरती, हा फेरा तिथून सुरू होतो.

म्हणून आजार कळल्या दिवसापासून ज्या हाताने काम करत नाही तो, बहुतेकांचा डावा, हात राखून ठेवायचा. त्यात सलाइन नाही, रक्त काढणं नाही. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घड्याळ-बांगड्या घट्ट नाहीत, ओझं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपणं नाही. रोज सकाळी बोटं ठेवून बघा: मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर शीर कायमची बंद होते. सुईच्या जागेतून रक्त वाहू लागलं तर टॉवेल गुंडाळू नका. बोटाने नेमक्या जागेवर घट्ट दाबून धरा आणि तसेच दवाखान्यात निघा.

याच काळात हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. किडनीच्या रुग्णाला दुप्पट डोस लागतो, म्हणून टोचणाऱ्याला आजार सांगा. रक्त कमी असेल तर लगेच बाटली चढवायचा आग्रह धरू नका. पुढे प्रत्यारोपणाची आशा असेल तर दुसऱ्याचं रक्त चढवल्याने किडनी जुळणं अवघड होतं. आधी लोह आणि रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन.

कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आलं आणि किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख झाली. लागतं काय, तर रेशन कार्ड (नसेल तर अधिवास दाखला), आधार आणि डॉक्टरांचे रिपोर्ट. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. पैसे भरायच्या आधी तिथं जायचं, नंतर नाही. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८००२३३२२००.

अडतं ते नावात. आधारवर ‘विठाबाई’, रेशन कार्डावर ‘विठ्ठाबाई’, आणि लग्नानंतर रेशन कार्डात नावच चढवलेलं नाही. ऐन भरतीच्या दिवशी हे कळतं आणि मंजुरी लटकते. ईजीएफआर ३० असतानाच तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन हे नीट करून घ्या, वर्षभर हाती असतं.

योजनेबाहेर राहिलेल्या खर्चासाठी आणखी दोन दारं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालच्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तिथल्या समाजसेवा विभागात शांतपणे पण चिकटून बसावं लागतं. दुसरं, मुख्यमंत्री सहाय्यता निधी. प्रवासासाठी रेल्वेत डायलिसिस-प्रत्यारोपणाच्या रुग्णाला सोबत्यासह तिकिटात मोठी सवलत आहे, आणि एसटीतही डायलिसिसच्या रुग्णांसाठी मोफत प्रवासाची सवलत आहे. आगारात विचारा, रुग्णालयाचं प्रमाणपत्र न्या.

डायलिसिस सुरू झाल्यावर

एक फेरी चार तासांची, आठवड्याला तीन. हे पुस्तकातलं झालं. आपल्याकडे बहुतेकांचं दोनदाच होतं, कारण शिफ्ट मिळत नाही किंवा जाऊन-येऊन दिवस जातो, आणि सोबत जाणाऱ्याची रोजंदारीही बुडते. डायलिसिस मोफत झालं तरी प्रवास, इंजेक्शनं, तपासण्या आणि बुडालेली मजुरी घराला आतून पोखरतात. म्हणून केंद्र निवडताना ‘नामांकित’ यापेक्षा ‘जवळचं’ याला वजन द्या. दीडशे किलोमीटरवरच्या चकचकीत केंद्रापेक्षा तीस किलोमीटरवरचं उपजिल्हा रुग्णालय बरं, पण तिथे हे विचारून घ्या: नेफ्रॉलॉजिस्ट किती दिवसांनी येतात? हिपॅटायटिस बी, सी असलेल्यांसाठी मशीन वेगळं आहे का? वीज गेली तर? आरओचं पाणी शेवटचं कधी तपासलं?

पाण्याचा प्रश्न किरकोळ नाही. मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका फेरीला १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ते तयार करताना आरओ आणखी बरंच पाणी टाकून देतो. टँकरवर चालणाऱ्या गावात उन्हाळ्यात डायलिसिस केंद्र चालवणं म्हणजे काय, हे यावरून समजा. एप्रिल-मेमध्ये आपल्या केंद्राची सोय काय, आणि बंद पडलं तर जवळचं दुसरं कोणतं, हे फेब्रुवारीतच विचारून ठेवा.

केंद्रात गेल्यावर आधी वजनकाटा. दोन फेऱ्यांमध्ये किती वजन वाढलं तेवढं पाणी काढायचं असतं. ‘ड्राय वेट’ म्हणजे सूज नसतानाचं तुमचं वजन. हा आकडा स्वतःला पाठ हवा. दोन फेऱ्यांत चार किलो वाढवून आलात तर तेवढं पाणी एकदम ओढताना पायात गोळे येतात, बीपी पडतं, अंधारी येते, आणि मग घरी येऊन माणूस म्हणतो ‘डायलिसिस सोसत नाही’. सकाळी बीपीची गोळी घेऊन यायचं की नंतर घ्यायची, हे टेक्निशियनला नाही, डॉक्टरांना विचारा.

फेरी चुकवू नका. गणपती, लग्न, पेरणी, मतदान, कारणं येतच राहतात. दोन फेऱ्यांमधली लांब सुट्टी हाच आठवड्यातला सगळ्यात धोक्याचा काळ असतो. गावाला जायचंच असेल तर आधी तिथल्या केंद्रात जागा ठरवा. आडवं झोपता येईना इतका दम, हातापायांतलं बळ अचानक जाणं, छातीत धडधड, कॅथेटर असताना हुडहुडी भरून ताप, यांतलं काहीही झालं तर पुढच्या वाराची वाट बघायची नाही.

घरी होणारं डायलिसिस

पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, याचं नावही बहुतेक ठिकाणी सांगितलं जात नाही. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तासांनी काढायचा, दिवसातून तीन-चार वेळा. मशीन नाही, वीज नाही, रोज प्रवास नाही. डोंगरातल्या पाड्यासाठी कागदावर याहून सोयीचं काही नाही. थायलंडने २००८ पासून बरीच वर्षं सरकारी योजनेत हेच आधी, असं धोरण चालवलं. आपल्याकडे २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात त्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या, पण पिशव्यांचा खर्च, त्या दर महिन्याला घरपोच येणं आणि शिकवणारी नर्स, या तिन्हींवर गाडं अडतं. घरात एक स्वच्छ, दार लावता येईल असा कोपरा आणि हात धुण्याची शिस्त असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. द्रव गढूळ आला आणि पोट दुखलं तर ती तातडी समजायची.

प्रत्यारोपण

वय आणि हृदय साथ देत असेल तर हाच सगळ्यात चांगला उपाय. हा विषय डायलिसिसची दोन वर्षं झाल्यावर नाही, सुरुवातीलाच काढा. १९९४ च्या कायद्याप्रमाणे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदलीची तरतूद आहे. घरात देणारं कुणी नसेल तर प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत आपल्या विभागाच्या समितीकडे, मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव नोंदवा. रांग लांब असते, म्हणूनच लवकर. खानदेशातली कित्येक कुटुंबं गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयात जातात. जाण्याआधी आपली योजना तिथे लागू होते का, ते हेल्पलाइनला विचारून घ्या.

किडनी विकत मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठा. देणारा, घेणारा आणि मध्यस्थ, तिघांनाही तुरुंग आहे.

एक गोष्ट बोलायलाच हवी. देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत, मिळणाऱ्यांत पुरुष. घरातली बैठक भरते तेव्हा आई आणि बायकोकडे नजरा आपोआप वळतात, आणि बाईच आजारी असेल तर ‘बघू, आधी डायलिसिसवर काढू’ म्हणतात. भाऊ, मुलगा, नवरा यांचेही रक्तगट त्याच दिवशी तपासा.

प्रत्यारोपणानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या जन्मभर, वेळेवर. त्यांच्या महिन्याच्या खर्चाची सोय ऑपरेशनच्या आधी लागलेली हवी. पैसे संपले म्हणून गोळ्या तुटल्या आणि मिळालेली किडनी गेली, असं होतं.

डायलिसिस नको असेल तर

ऐंशीच्या पुढचं, अंथरुणाला खिळलेलं, हृदय थकलेलं माणूस असेल, तर डायलिसिस न करता औषधांवर सूज, खाज, दम, मळमळ आटोक्यात ठेवणं हाही रीतसर उपचार आहे. त्या माणसाला शुद्ध असताना विचारा, त्याचं म्हणणं ऐका, डॉक्टरांशी बोला. असा निर्णय घेतलेल्या घराला ‘पैशासाठी सोडलं’ म्हणून बोल लावू नये. पण पस्तिशीच्या माणसाबाबत अंतर आणि खर्च याच कारणाने तो निर्णय होत असेल, तर आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठलंय का, हे बघा.

घरातल्या बाकीच्यांचं

रुग्णाची धावपळ सुरू असताना हे राहून जातं. मधुमेह, बीपी आणि किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार घराण्यात चालतो. सख्खी भावंडं आणि मोठी झालेली मुलं, सगळ्यांनी एकदा बीपी, शुगर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात या साध्या तपासण्या होतात. ज्या दिवशी रुग्णाला फेरीसाठी नेता, त्याच दिवशी सोबत जाणाऱ्याने आपलंही रक्त द्यावं, आणि रिपोर्ट रुग्णाच्या फाइलमध्ये न घालता स्वतःच्या वेगळ्या फाइलला लावावा.